जैवसूचक

* जैवसूचक : अंगात शिरलेल्या विषाची रक्त, लघवी, केसांत उरलेली मोजता येणारी खूण. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा भागात नुसता हात फिरवला तरी केस मुठीत येऊ लागले. संशय आधी पाण्यावर, शाम्पूवर गेला, डॉ. हिंमतराव बावस्करांच्या तपासणीत मात्र रक्त, लघवी, केस या तिन्ही नमुन्यांत सेलेनियम कित्येक पटींनी जास्त निघाले आणि बोट रेशनच्या गव्हाकडे वळले. कर्करोगकारकांचा मागही असाच काढतात. सेलेनियम सिद्ध कर्करोगकारक नव्हे, हा आक्षेप रास्त. पण मोजण्याची रीत तीच. बुरशी लागलेल्या मक्यातले अफ्लाटॉक्सिन कर्करोगकारकच, आणि रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेली त्याची खूण काही आठवड्यांचे खाणे सांगते. खूण म्हणजे रोग नव्हे, हेही खरेच. मात्र लघवी कालपरवाचे सांगते, केस महिन्यांचे. म्हणून नमुना वेळेतच घ्यायला हवा.