पोढी, ओवरी आणि दात्यांची नावे : गांधारपाल्याची लेणी

इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात ग्रेची १७५१ साली प्रसिद्ध झालेली विलापिका शिकवताना आम्हांला दर वर्षी एक अडचण येते. कवितेतली चर्चची आवारे, यूची झाडे, मनोऱ्यावरचे घुबड हे सारे समजावून सांगता येते. पण गावचे चर्च ही वस्तू इंग्रज वाचकाच्या मनात ज्या अर्थाने असते तो अर्थ काही केल्या पोचत नाही. तेथे बाराव्या शतकातली कमान, पंधराव्या शतकातला मनोरा आणि व्हिक्टोरियन काळातली डागडुजी एकाच छपराखाली नांदतात. सोळाव्या शतकात रोमची सत्ता झुगारून दिल्यावर तीच वास्तू अँग्लिकन झाली, संतांच्या मूर्ती काढल्या गेल्या, पण लोक त्याच दारातून आत जात राहिले. कोणी खिडकी दिली, कोणी घंटा दिली, याची नोंद दगडावर वा पितळेच्या पत्र्यावर राहते. गावाचा इतिहास वाचायचा तर आधी गावच्या चर्चमध्ये जावे, असे तिकडे म्हणता येते.

आपल्याकडे अशी जागा कोणती, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा आम्ही हल्ली गांधारपाल्याचे नाव घेतो. तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. लेणे हा विहार, भिक्षूंचे राहण्याचे ठिकाण. चर्च हे गावकऱ्यांचे प्रार्थनास्थळ. तरीही दात्यांनी आपली नावे ज्या रीतीने कोरून ठेवली आहेत ती पाहिली की दोन्हींत काही नाते आहे असे वाटतेच.

मुंबई-गोवा महामार्गावर महाड सुमारे तीन किलोमीटर उरले की रस्त्यालगतच्या डोंगरात काळी चौकोनी दारे ओळीने दिसू लागतात. खाली पाले गाव, पलीकडे गांधारी नदी सावित्रीला मिळते तो सखल प्रदेश. लोक याला पांडवलेणी म्हणतात. नाशिकच्या लेण्यांनाही तेच नाव आहे, आणि महाराष्ट्रात इतरत्रही ज्या कोरीव कामाचा कर्ता विसरला गेला ते पांडवांच्या नावावर जमा झालेले आढळते. हा लोकस्मृतीचा नियमच म्हणावा लागेल: कर्त्याचे नाव गेले की वस्तू महाभारतात जाते.

लेणी तिसाच्या आसपास आहेत. मोजणाऱ्यागणिक आकडा थोडा बदलतो. बहुतेक लहान, म्हणजे पुढे ओसरी, आत एक खोली, खोलीत झोपण्यासाठी दगडाचाच ओटा. पहिले लेणे मात्र मोठे आहे. त्याच्या ओसरीला सहा खांब आणि दोन टोकांना दोन अर्धस्तंभ. यांतले बरेचसे घडवायचे राहून गेले आहेत, नुसते चौकोनी दगड उभे आहेत. आम्हांला हे अपुरेपण फार उपयोगी वाटते. पूर्ण झालेल्या लेण्यात कारागीर दिसत नाही, येथे तो दिसतो. आधी छत मोकळे करायचे, मग खाली उतरत जायचे, म्हणजे परांचीची गरज पडत नाही. खांबासाठी दगड राखून ठेवायचा आणि त्याला घाट शेवटी द्यायचा. तो शेवट येथे आला नाही. आत खांबांविना मोठा मंडप, भोवती खोल्या, आणि गाभाऱ्यात चौकोनी शिलाखंडावर बसलेल्या बुद्धाची मूर्ती. ही मूर्ती पुढच्या काळाची. लेण्यांचा प्रारंभ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला मानतात, आणि तेव्हा पूजा स्तूपाची होत असे, मूर्तीची नव्हे.

त्या स्तूपपूजेची खूण दुसऱ्या एका लेण्यात अशी उरली आहे की ती पाहून आम्ही बराच वेळ तेथे थांबलो होतो. गाभाऱ्यातला स्तूप कोणीतरी फोडून काढला आहे. कोणी आणि का, हे दगड सांगत नाही. पण स्तूपावरचे छत्र छतातच कोरलेले होते, ते तसेच राहिले. खाली काही नाही, वर छत्र. इंग्लंडमधल्या कित्येक चर्चमध्ये मूर्ती गेलेले रिकामे कोनाडे असतात. हे त्यांचेच भावंड.

आता लेखांकडे वळू. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे शिलालेख १८८१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, आणि दोनच वर्षांनी, १८८३ मध्ये, कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या लेण्यांचे वर्णन आले. (कुलाब्याचे नाव रायगड झाले ते १९८१ मध्ये.) भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. मुख्य लेख कुमार काणभोज विष्णुपालित याचा. 'भोज' हे पद या किनाऱ्याला परके नाही. उत्तरेकडच्या कुडे लेण्यांत महाभोजांचे घराणे भेटते. या कुमाराने काय दिले त्याची यादी लेखात आहे: लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पोढी, आणि लेण्याला जोडणारी वाट.

भाषेच्या अभ्यासकांनी येथे क्षणभर रेंगाळावे. 'लेण' शब्द आपण आजही वापरतो. 'ओवरक' म्हणजे संस्कृत 'अपवरक', आतली खोली. देवळाच्या आवारातली आपली 'ओवरी' ती हीच. 'पोढी' हा शब्द शहरातल्या बोलण्यातून गेला, पण किल्ल्यांवर आणि लेण्यांत हिंडणाऱ्यांच्या तोंडी तो टिकून आहे. राजपुत्राचे नाव लोक साफ विसरले. त्याने दिलेल्या वस्तूंची नावे मात्र अठराशे वर्षे जिभेवर राहिली.

दुसरा लेख राजघराण्यातला नाही. तो श्रेष्ठी संघरक्षिताच्या मुलाचा, आणि दानात लेण्याबरोबर शेतही आहे. नुसती वास्तू देऊन भागत नाही, तिचा रोजचा खर्च चालला पाहिजे, हे व्यापाऱ्याच्या मुलाला कळत होते. महाडच्या दुसऱ्या अंगाला कोल गावाजवळ लहान लेण्यांचे दोन गट आहेत. तेथेही संघरक्षित नावाचा श्रेष्ठी दाता म्हणून येतो, आणि धम्मसिरी नावाची बाई येते, शिवदत्ताची पत्नी म्हणून. दोन्हीकडचा संघरक्षित एकच धरून एका घराण्याची कथा रचण्याचा मोह कोणालाही होईल. आम्ही तो आवरतो, कारण बौद्ध उपासकांत हे नाव दुर्मीळ नव्हते.

एवढे श्रेष्ठी येथे कशासाठी? उत्तर नकाशात आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. बाणकोटच्या खाडीतून गलबते आत महाडपर्यंत येत. पोलादपूरहून आज आपण आंबेनळी घाटाने वर चढतो. पूर्वी पारघाट होता. घाट चढून गेले की वाईजवळ लोहाऱ्याची लेणी, पुढे कऱ्हाडला आगाशिवाची. समुद्रापासून देशापर्यंतचा रस्ता लेण्यांच्या टप्प्यांनी आखता येतो. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तातले 'पालैपत्मे' हे बंदर म्हणजे हेच पाले, असेही काहींनी सुचवले आहे. नामसाम्याखेरीज त्याला फारसा आधार नाही, म्हणून आम्ही त्यावर काही उभारू इच्छीत नाही. (याच रस्त्यावर पोलादपूरला 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची समाधी दाखवतात. वाङ्मयाच्या माणसाने तेथेही पाच मिनिटे उतरावे.)

लेणी इतक्या उंचावर का, याचे एक कारण जुलै २०२१ मध्ये महाडकरांनी पुन्हा अनुभवले. त्या पुरात सावित्री-गांधारीचे पाणी बाजारपेठेत घराघरांत शिरले. पावसाळ्यात खाली पाणीच पाणी आणि उन्हाळ्यात वर थेंब नाही, अशी ही भूमी. म्हणून पोढी. तोंड लहान, पोट मोठे, डोंगरावरून ओघळणारे पाणी खडकातल्या पन्हळीने आत घ्यायचे. विष्णुपालिताच्या यादीत पाणी हे चैत्यगृहाच्याच ओळीला बसले आहे, त्यात नवल नाही.

आणि पाणी म्हटले की महाडमध्ये चवदार तळ्यापाशी यावेच लागते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनेही पुढे तसा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि त्या डिसेंबरात प्रकरण न्यायालयात गेले. वादींचे म्हणणे असे की अस्पृश्यांनी तळ्याला न शिवणे ही अनादी वहिवाट आहे. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अशी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही.

या निकालाकडे आम्ही इतिहासाचा विद्यार्थी ज्या नजरेने पाहतो ती जरा निराळी आहे. अनादी म्हणजे किती जुने, असा प्रश्न न्यायालयापुढे होता. महाडमध्ये पाण्यासंबंधी दगडात कोरलेला पुरावा तळ्यापासून तासाभराच्या पायी अंतरावर आहे, आणि त्यात पाणी दान म्हणून दिलेले आहे. ते कोणी प्यावे आणि कोणी पिऊ नये, असे त्या लेखात काही नाही. अर्थात यावरून त्या काळी सर्वांना पाणी खुले होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. पोढी भिक्षुसंघासाठी होत्या आणि वाटसरूंबद्दल लेख बोलत नाही. उत्साहाच्या भरात काही लेखक ही मर्यादा विसरतात. पण 'पूर्वीपासून असेच आहे' या वाक्यातले 'पूर्वी' कोठवर जाते हे तपासायचे साधन येथे आहे, एवढे निश्चित म्हणता येते. निकाल लागला तेव्हा लेखांचे वाचन छापून प्रसिद्ध होऊन ५६ वर्षे झाली होती.

जाणाऱ्यांनी पाऊस ओसरल्यावर, सकाळी लवकर जावे. ऊन तिरपे असते तेव्हाच अक्षरांच्या रेघा उठून दिसतात. दुपारी भिंत नुसती भिंत असते. बरोबर विद्यार्थी असतील तर त्यांना आधी अपुरे खांब दाखवावेत, मग छतातले छत्र, आणि पोढीपाशी शेवटी न्यावे. तोवर सगळ्यांना तहान लागलेली असते.