गुदनलिकेचा कर्करोग, एचआयव्ही आणि त्रिविध उपचार

गुदनलिकेच्या कर्करोगात शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही, ही समजूत १९७४ साली डेट्रॉइट येथे डळमळीत झाली. नॉर्मन निग्रो या शल्यचिकित्सकाने तीन रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी फ्ल्युरोयुरॅसिल व मायटोमायसिन ही औषधे देऊन सोबत किरणोपचार केले. पुढे दोघांवर शस्त्रक्रिया झाली, तो काढलेल्या भागात अर्बुदाचा मागमूसही आढळेना. तिसऱ्याने शस्त्रक्रियाच नाकारली आणि तोही रोगमुक्त राहिला. पूर्वतयारी म्हणून योजिलेला उपचार कालांतराने मुख्य उपचार ठरला.

एचआयव्हीबाधितांत हा रोग कित्येक पटींनी अधिक. परंतु तोच उपचार त्यांना सोसेल काय? सान फ्रान्सिस्को येथील १७ रुग्णांच्या १९९९ सालच्या अभ्यासात सीडी४ पेशींची संख्या २०० हून कमी असलेल्यांना उपचाराचा त्रास विशेष झाला. भीती निराधार नव्हती, असेच म्हणावे लागते.

या भीतीत प्रतिपिंडांमुळे भर पडली. लसीकाग्रंथींच्या कर्करोगात रसायनोपचारास रिटक्सिमॅबची जोड देणाऱ्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत संसर्गाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण १४ टक्के निघाले. केवळ रसायनोपचार घेणाऱ्यांत ते २ टक्के होते. तथापि हे मृत्यू मुख्यत्वे सीडी४ ५० हून कमी असलेल्यांत घडले होते. ही नोंद पुष्कळांनी घाईने वाचली असावी. दोष एकट्या प्रतिपिंडाचा नव्हता. ढासळलेल्या प्रतिकारशक्तीचाही होता.

गुदनलिकेच्या कर्करोगात सेटक्सिमॅब हे प्रतिपिंड घेण्यामागे वेगळे कारण होते. ते पेशीवरील वाढीचा संदेश घेणाऱ्या ग्राहकास अडविते, आणि डोके व मान यांच्या कर्करोगात किरणोपचारांसह ते उपयुक्त ठरल्याचे २००६ साली दिसले होते. एड्स मॅलिग्नन्सी कन्सॉर्टियम या संस्थेने ४५ बाधित रुग्णांना सिस्प्लॅटिन, फ्ल्युरोयुरॅसिल, किरणोपचार व सेटक्सिमॅब एकत्र दिले. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पूर्वीच्या अभ्यासांवरून तीन वर्षांत स्थानिक अपयश ३५ टक्के गृहीत धरून ते निम्म्यावर आणण्याचा उद्देश होता. आधी ठरविलेल्या निकषाने अपयश ४२ टक्के भरले. समकालीन अभ्यासांच्या व्याख्यांनी व गणनापद्धतीने तेच २० टक्के! पहिला आकडा नियमानुसार खरा; पण दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणेही न्याय्य नव्हे. तथापि निकाल पाहून नंतर निवडलेली पद्धत ही पुराव्यापेक्षा गृहीतकाच्याच जवळची असते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.

तीन वर्षांनी ७९ टक्के रुग्ण हयात होते. उपचारजन्य मृत्यू ४ टक्के झाले. बाधा नसलेल्या ६१ रुग्णांवर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जोडचाचणीत ते ५ टक्के होते. अर्थात गट लहान असल्याने ही तुलना ढोबळच. तरीही बाधितांना चाचण्यांतून सरसकट वगळण्याचे जे समर्थन पूर्वी केले जाई, ते या आकड्यांपुढे फार टिकत नाही. सेटक्सिमॅब मात्र या रोगाच्या रूढ उपचारांत स्थान मिळवू शकले नाही.