अपघातानंतरचा सीटी स्कॅन: रेडिएशन किती, आणि तो आकडा कुठे बघायचा?

जुना जालन्यात कुणाच्या डोक्याला मार लागला की बहुतेक वेळा पहिला सीटी स्कॅन शहरातच होतो. पेशंटला छत्रपती संभाजीनगरला हलवलं, की कधीकधी तिथे परत तोच स्कॅन. माझ्या मामांचं असंच झालं. आमच्या हातात फक्त फिल्म होती, सीडी मागायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं.

रेडिएशनचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीचा एक एक्स-रे ०.१ किंवा त्याहून कमी, डोक्याचा सीटी साधारण २, पोटाचा ८ ते १०. एक्स-रे एका दिशेने एकच चित्र घेतो. सीटीची ट्यूब शरीराभोवती फिरत शेकडो कोनांतून मोजमापं घेते, म्हणून हा फरक. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये एक्स-रे वापरतच नाहीत.

आता तुमचा आकडा. बहुतेक सीटी मशीन इमेजेससोबत ‘डोस रिपोर्ट’ नावाचं पान साठवतात. त्यात ‘डीएलपी’ शोधा. मोठ्या माणसाच्या डोक्यासाठी त्याला ०.००२१ ने गुणा, पोटासाठी ०.०१५ ने. डीएलपी ९५० असेल तर डोक्याला सुमारे २ मिलिसिव्हर्ट. अंदाज ढोबळच आहे. लहान मुलांसाठी गुणक मोठे असतात, शिवाय त्यांच्या पेशी जास्त संवेदनशील. म्हणूनच मार किरकोळ वाटला तर डॉक्टर मुलाला काही तास नुसतं निरीक्षणाखाली ठेवतात.

मग स्कॅन नाकारायचा का? अजिबात नाही! मेंदूतला रक्तस्राव चुकला तर जीव जाऊ शकतो. त्यापुढे २ मिलिसिव्हर्टची जोखीम फार छोटी. रक्तस्राव वाढतोय का हे बघायला केलेला दुसरा स्कॅनही गरजेचाच. टाळायचा तो फक्त ‘फाईल नाही’ म्हणून होणारा.

त्यासाठी ‘डायकॉम’ फाईल्स मागा, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत करड्या रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, मूळ फाईलमध्ये साधारण ४०९६. डॉक्टर त्या पायऱ्या सरकवून कधी हाड, कधी मेंदू, कधी ताजं रक्त बघतात. फोटोत ते सरकतच नाही. सीडी घरी नको, अँब्युलन्समध्ये पेशंटसोबत पाठवा. आणि पेशंट गरोदर असण्याची शक्यता असेल, तर मशीनवर घेण्याआधीच सांगा.