बादशहाचे नाव, होळकरांचा रुपया

लक्ष्मीपूजनाच्या ताटात वर्षातून एकदा निघणारा फारसी अक्षरांचा जाड चांदीचा रुपया माळव्यातील व गुजरातेतील अनेक जुन्या मराठी घरांत जपलेला असतो. ‘मोगलाईतले नाणे’ एवढीच त्याची घरात चालत आलेली ओळख. पुढे वाटणीच्या वेळी वा अडचणीत तो सराफाकडे जातो, वजनावर तोलला जातो आणि मुशीत पडतो. नाण्यावर बादशहाचे नाव आहे एवढ्यावरून ते बादशहाचे ठरत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

असे पुष्कळ रुपये शाहआलम दुसरा याच्या नावाचे आहेत. त्याची कारकीर्द १७५९ ते १८०६. मराठ्यांच्या पाठबळावर तो १७७२ मध्ये दिल्लीत आला; १७८८ मध्ये गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले आणि महादजी शिंद्यांनी त्याला पुन्हा तख्तावर बसविले. दिल्लीबाहेर त्याचा अंमल जवळजवळ उरला नव्हता. नाणे मात्र सर्वत्र त्याच्याच नावाचे. बाजाराचा विश्वास ओळखीच्या ठशावर असे, आणि तो मोडण्याचे धाडस कोणी सहसा करीत नसे. इंग्रज कंपनीनेही कलकत्त्यास पाडलेल्या रुपयावर ‘मुर्शिदाबाद’ हेच नाव आणि जुलूसी सन १९ कायम ठेवला. जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा कापीत. साल गोठविले की ते निमित्तच नाहीसे होई. यशवंतराव होळकरांनी शके १७२८ मध्ये संस्कृत लेखाचा रुपया पाडला खरा, पण इंदुरास त्यानंतरही कित्येक वर्षे शाहआलमच्याच नावाचे नाणे निघत राहिले.

म्हणून ओळख पटवायची ती दुसऱ्या बाजूवरून. एका बाजूस बादशहाचे नाव व हिजरी सन असतो. दुसरीवर ‘जुलूस मैमनत मानूस’ या शब्दांसह राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि ‘जर्ब’ या शब्दाशी टांकसाळीचे नाव. लिपी उजवीकडून डावीकडे जाते. अंक मात्र आपल्याप्रमाणेच डावीकडून वाचावयाचे. शून्य म्हणजे नुसते टिंब, सातचे तोंड वर उघडे, आठचे खाली. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळविले की इसवी सन सुमाराने हाती येतो. १२१५ हिजरी म्हणजे १८००-०१.

अडचण अशी की ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. टांकसाळीचे नाव बहुधा अर्धेच उमटते. तेथे बारीक चिन्हे कामास येतात. अहिल्याबाईंच्या नाण्यांवर शिवलिंग व बेलपत्र आढळते. मल्हारनगर, म्हणजे इंदूरच्या, रुपयावर किरणांचे सूर्यमुख. पुण्याच्या रुपयावर अंकुश, ज्यावरून त्याला अंकुशी म्हणत. बडोद्यास वाकडी तलवार आणि गायकवाड राजाचे नागरी आद्याक्षर. फारसी मजकुराच्या गर्दीतले ते एक नागरी अक्षर पाहिले की नाणे कोणाचे याबद्दल शंका उरत नाही.

किंमतीचे गणित वेगळे. वजन साधारण ११ ते साडेअकरा ग्रॅम, तोळ्याहून किंचित कमी. तेवढ्या चांदीचा भाव हा केवळ पाया. टांकसाळ व साल दोन्ही वाचता येत असतील, टांकसाळ क्वचित आढळणारी असेल, तर जाणकार पुष्कळ अधिक देतो. उलट शाहआलमच्या नावाचे सामान्य रुपये इतके निघाले की केवळ जुनेपणाला भाव नाही, आणि हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. सराफांनी पारखण्यासाठी मारलेल्या खुणांनी किंमत थोडी उतरते, हारासाठी डाखलेल्या कडीने बरीच. काठावर जोडाची रेघ दिसली तर नाणे ओतीव, म्हणजे बहुधा बनावट. खरा रुपया हातोड्याच्या घावाखाली पाडलेला असतो.

सर्वांत मोठे नुकसान मात्र घरातच होते. दिवाळीला रुपया चिंचेने वा राखेने लख्ख घासला जातो, आणि दरसाल प्रथम झिजते ते काठाजवळचे टांकसाळीचे नाव.