चाकोरीबाहेरचा भाव

अवाजवी किमतीला इंग्रजीत ‘एक्झॉर्बिटंट’ म्हणतात. बी. ए.ला असताना मी हा शब्द अर्थासह पाठ केला होता. त्याच्या पोटात गाडीचं चाक आहे, हे फार उशिरा कळलं. लॅटिनमध्ये ‘ऑर्बिटा’ म्हणजे चाकानं जमिनीत पाडलेला माग. आपण त्यालाच चाकोरी म्हणतो. चाकोरी सोडून गेलेलं ते एक्झॉर्बिटंट. आधी हा शब्द कायद्याच्या कक्षेबाहेरच्या प्रकरणांसाठी वापरत. किमतीला तो नंतर चिकटला.

आपला ‘महाग’ आला ‘महार्घ’वरून. अर्घ म्हणजे मोल. त्यात तक्रार नाही. तक्रार करायची तर आपण ‘अव्वाच्या सव्वा’ म्हणतो. आमच्या घरात तिसराच शब्द होता, गिरानी. फारसीत ‘गराँ’ म्हणजे जड, आणि महागही. बाजारातून येताना पिशवी हलकी असली की दादी हा शब्द काढायची.

भाव ऐकला की तिचा पहिला सवाल असे, “हाली की कलदार?” निजामाच्या मुलखात हाली सिक्का, पलीकडे इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारांना साधारण ११६ हाली पडत. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली. बार्शी इंग्रजी अमलात, लातूर निजामाकडे. एकाच रुळावर दोन नाणी. नाणं कोणतं हे कळल्याशिवाय महाग-स्वस्त कसं ठरणार? १९५० मध्ये ७ हालींना ६ भारतीय रुपये असा दर होता. १९५९ मध्ये हाली बाद झाला. दादीचा सवाल त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू होता. आम्ही पोरं हसायचो.

२०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं. लातूरला पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, सुमारे ५ लाख लिटर घेऊन. त्याच दिवसांत मी नांदेडहून आपाकडे गेलो होतो. दारात टँकर उभा. भाव ऐकून मी म्हणालो, “हे तर अव्वाच्या सव्वा झालं!”

“घ्यायचं तर घ्या, काका. पुढं दहा घरं वाट बघायलीत.”

त्याच्या चाकांनी गल्लीच्या मातीत खोल चाकोरी पाडली होती. तो भाव तिथं आता रोजचाच होता. आपानं मला गप्प केलं, पैसे मोजले आणि पुढच्या खेपेसाठी नाव लिहायला सांगितलं.