कोळंबीचे कवच आणि गोठ्यातील वायू

टाकाऊ वस्तूचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. परंतु कोळंबीच्या कवचाला इतिहास आहे, आणि त्याची वाट गोठ्यापर्यंत येते.

कोकणात शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी. हा चुना शेणखतात मिसळला तर? इंग्लंडचा रसायनज्ञ हंफ्री डेव्ही याने १८१३ सालीच शेतकऱ्यांना बजावले होते, की जनावरांच्या खतात चुना सहसा घालू नये. गोमूत्रातील युरियाचा अमोनिया होतो. चुन्याने तो हवेत उडतो. आम्लाने मात्र क्षाररूपाने खतातच राहतो. उडालेला अमोनिया म्हणजे पिकाचे गेलेले अन्न आणि गोठा झाडणाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी!

पण कवचात चुनखडीखेरीज आणखी एक द्रव्य असते. ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते १८११ साली अळंब्यांत सापडले. १८२३ साली ओदिए याला ते कीटकांच्या कवचांत आढळले. त्याने त्याला 'कायटिन' म्हटले. १८५९ साली रूजे याने ते तीव्र पोटॅशमध्ये उकळले, तेव्हा ते सौम्य आम्लात विरघळू लागले. १८९४ साली होप्पे-सायलरने त्याचे 'कायटोसान' असे नामकरण केले.

या कायटोसानवर धन विद्युद्भार असतो, शेणाच्या सूक्ष्म कणांवर ऋण. म्हणून पातळ शेणकाल्यात ते घातले की कण एकमेकांस चिकटतात आणि चोथा वेगळा काढता येतो. शेणकाल्याच्या खड्ड्यात हवा नसते, तेथे मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. चोथा बाहेर काढून हवेशीर रचला, तर मिथेनला वाव कमी मिळतो. मात्र ढीग उघडा पडला, तर अमोनिया पुन्हा निसटतो. तो झाकावा लागतो.

श्रोतेहो, हिशेब येथे संपत नाही. १८७५ साली उघडलेल्या ससून डॉकवर आजही बाया कोळंबी सोलतात. मजुरी मिळते ती सोललेल्या मालावर. कवच कचऱ्यात जाते. उद्या त्या कचऱ्याला भाव आला, तर त्यात सोलणारणीचा वाटा किती? आणि तीव्र क्षाराच्या हौदापाशी हातमोज्यांविना कोण उभे राहणार? हवा शुद्ध करण्याचे काम मजुराच्या कातडीवर होता कामा नये. भाव ठरण्याआधीच हे दोन प्रश्न विचारून ठेवले पाहिजेत.