नांगराला हात घातल्यावर



नांगराला हात घातला की मागे वळून पाहायचे नाही, हा येशूच्या तोंडचा दाखला शेतात राबलेल्या बाईला समजावून सांगावा लागत नाही. मागे पाहिले की तास वाकडे जाते, हे तिला ठाऊक असते. पण तिला आणखीही एक गोष्ट ठाऊक असते. बांधाशी आले की नांगर वळवावा लागतो. दगड लागला तर उचलून पुढे टाकावा लागतो. बैल बसला तर थांबावे लागते. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र वाटते, हे काय, हिची तर सारखी दिशा बदलते आहे!

आजच्या इतिहासाच्या भागात आम्ही पंडिता रमाबाईंविषयी बोलणार आहोत ते याचसाठी. देवाने दिलेल्या कामाला चिकटून राहणे म्हणजे काय, हे त्यांच्या आयुष्यात जेवढे स्पष्ट दिसते तेवढेच ते गोंधळातही टाकते. त्यांच्या काळात कुणाला त्या चंचल वाटल्या. आधी ब्राह्मो मंडळींत, मग प्रार्थना समाजाच्या लोकांत, मग एकदम ख्रिस्ती. आणि कुणाला, त्यांत त्यांना बाप्तिस्म्याच्या वाटेवर नेणाऱ्या इंग्लंडमधल्या धर्मभगिनीही आल्या, त्या फार हेकट वाटल्या. एकाच बाईला लोक चंचल म्हणतात आणि हेकटही म्हणतात, तेव्हा पाहण्यासारखे काहीतरी नक्की असते.

लहानपणाची हकीकत तुमच्यापैकी बऱ्याचजणींना माहीत असेल, म्हणून थोडक्यात. जन्म २३ एप्रिल १८५८चा, सध्याच्या कर्नाटकातल्या गंगामूळ या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले म्हणून ब्राह्मणांचा रोष ओढवून घेतला होता. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने ते रान सोडले आणि तिला वेताच्या पेटीत ठेवून डोंगर उतरवले. पुढे तीर्थामागून तीर्थे, पुराण सांगत पायी फिरणे. आईने पहाटे उठवून पाठ दिला आणि बाराव्या वर्षापर्यंत मुलीला भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. मग दुष्काळ आला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. दोन वर्षांत भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली, आणि लग्नाला दोन वर्षेही व्हायच्या आत पती पटकीने गेले. वय तेवीस, पदरात दहा महिन्यांची लेक.

१८८२ साली त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असे सांगितले. पुढच्याच वर्षी वैद्यकी शिकायला म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. तिथे कानांनी दगा दिला. ऐकू कमी येते, म्हणून वैद्यकी नाही. नांगराला लागलेला हा मोठा दगडच.

वाँटेज या गावी सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या राहत होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहमला नेले. समाजाने 'पतित' म्हणून बाहेर काढलेल्या बायकांसाठी तिथे आश्रम होता. चांगल्या घरच्या बायका या बायकांची सेवा करतात, त्यांना जवळ घेतात, हे रमाबाईंनी पहिल्यांदाच पाहिले. ज्या शास्त्रांत त्या वाढल्या होत्या त्यांत अशा बाईला दंड होता, दया नव्हती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. हे लोक असे का वागतात, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचायला दिला. भर दुपारी विहिरीवर एकटी पाण्याला आलेली शोमरोनी बाई. पाच नवरे होऊन गेलेले, सहावा नवरा नव्हे. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि देवाची उपासना कशी करावी ही मोठमोठ्या पंडितांची गोष्ट तिच्याशी बोलतो. आमच्या मते रमाबाईंचे काम तिथे ठरले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे इमारती बदलल्या, गावे बदलली, मदत करणारे बदलले, पण समोर ती विहिरीवरची बाईच होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथे महाराष्ट्रात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मधून १८८५ साली त्यांची बाजू घेतली.

आता दुसरा आरोप, हेकटपणाचा. बाप्तिस्मा झाला म्हणजे बाई आपल्या मुठीत आली, असे ज्यांना वाटले त्यांची निराशा झाली. रमाबाईंनी मांसाहार कधी सुरू केला नाही. अंडे घातलेली खीरसुद्धा नको. पांढरी साडी सोडली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, हा त्यांचा प्रश्न. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने भरसभांतून पुरुषांपुढे व्याख्याने दिली तिला हे ऐकून काय वाटले असेल, कल्पना करा. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापून आलेला आहे. मिळाला तर जरूर वाचा. गुरूने रागवावे आणि शिष्येने नम्रपणे, पण एक पाऊलही मागे न घेता उत्तर द्यावे, असा तो मामला आहे. रमाबाईंचे म्हणणे एवढेच, की मी ख्रिस्ताला वचन दिले आहे. पुरोहिताच्या हुकमतीतून एकदा सुटले ती दुसऱ्या पुरोहिताच्या हुकमतीत जायला नव्हे. भगिनींना तो अहंकार वाटला. आम्हाला वाटते, एकदा देवाला उत्तर द्यायचे ठरले की माणसांना खूष ठेवणे कठीण होते, आणि ती माणसे आपलीच असली की जास्तच.

१८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे राहून विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे केले. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते. शाळेत धर्म शिकवायचा नाही ही अट होती आणि ती रमाबाईंना मान्य होती. पण पहाटे स्वतःच्या खोलीत लेकीला घेऊन प्रार्थनेला बसताना दार लावून घ्यायला त्यांनी नकार दिला. दार उघडे, म्हणून काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

या वादात कोण बरोबर, हे सांगण्याची घाई आम्ही करणार नाही. विधवा लेकीला शाळेत घालण्यासाठी ज्या बापाने भाऊबंदांचे शिव्याशाप सोसले, त्याची भीती खोटी नव्हती. मुलगी ख्रिस्ती झाली असती तर त्याच्या उरलेल्या मुलींची लग्ने झाली नसती. आणि रमाबाईंची अडचणही खरी होती. दार लावले असते तर शाळा वाचली असती, मित्र टिकले असते. पण जे स्वतःला प्राणाहून मोलाचे वाटते ते चोरून करायचे का? शारदा सदनातल्या साऱ्या मुली काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. गोदूबाईंनी कर्व्यांशी पुनर्विवाह केला तो त्याच १८९३ साली, हिंदू राहूनच.

याच सुमारास रमाबाईंच्या मनातही एक वळण आले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडायचा राहिला आहे. १९०७ साली लिहिलेल्या आत्मवृत्तात हे त्यांनी सरळ सांगितले आहे. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झालेल्या, जगभर नाव झालेल्या बाईने असे म्हणणे सोपे नाही. आमच्या काही ख्रिस्ती मैत्रिणी म्हणतात, की रमाबाईंच्या साऱ्या लिखाणातली हीच गोष्ट त्यांना जास्त धीर देते.

असोसिएशनची दहा वर्षे संपत आली की पुढे काय, म्हणून पुणे–दौंड रेल्वेमार्गावर केडगावला रमाबाईंनी जमीन घेऊन ठेवली होती. फळबाग करावी, उत्पन्नावर शाळा चालवावी, असा साधा हिशेब. तेवढ्यात १८९६चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात मुली रस्त्यावर मरत आहेत, दलालांच्या हाती लागत आहेत, हे कानी आले आणि त्या तिकडे निघाल्या. स्वतःचे आईबाप दुष्काळात गेलेली बाई घरात बसणार कशी? मुली घेऊन आल्या तर पुण्यात प्लेग. शहरात नवीन मुली ठेवायला परवानगी नाही. मग मुली केडगावच्या माळावर, झोपड्यांत. प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय दशा होते यावर त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रात कडक पत्र लिहिले. खुद्द गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते खोटे ठरवायचा प्रयत्न केला. म्हणजे सनातनी झाले, सुधारक झाले, बिशप झाले, आता सरकारही.

फळबागेच्या जागी 'मुक्ती' उभी राहिली. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींचे दळण, कांडण, धुणे, आजारपण डोळ्यांपुढे आणा. तिथे शेती होती, गाईगुरे, विणकाम, तेलघाणी, छापखाना होता. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि अंध मुलींची शाळा सुरू झाली. आणि 'कृपा सदन' निघाले. ज्यांना कुणी दारात उभे करीत नव्हते त्या बायकांसाठी. फुलहमला पाहिलेली गोष्ट सोळा-सतरा वर्षांनी केडगावच्या माळावर झाली.

यानंतर त्यांनी जे काम हाती घेतले त्याची चर्चा कमी होते. १९०५च्या सुमारास, सत्तेचाळिशीत, त्या बायबलचे भाषांतर करायला बसल्या. मराठीत बायबल नव्हते असे नाही, शंभर वर्षांपासून भाषांतरे होत होती. पण त्यांतली भाषा संस्कृतने जड झालेली होती. जेमतेम अक्षरओळख झालेल्या, दुष्काळातून आलेल्या बाईच्या ती डोक्यावरून जाई. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या पंडितेने ठरवले, की जड शब्द काढायचे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुलींसाठी शब्दार्थ आणि व्याकरणाची पुस्तकेही केली. ज्या संस्कृतने त्यांना मान दिला तिलाच बाजूला ठेवणे हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा त्याग होता, असे आम्हाला वाटते. घरदार, मित्र, नाव यांच्याहूनही मोठा. भाषांतर सगळीकडे सुबक उतरले असे नाही. मूळच्या शब्दाला धरून चालायच्या हट्टापायी काही ठिकाणी वाक्य अडखळते. मंडळ्यांमध्ये ते फारसे रुळलेही नाही.

पण काम थांबले नाही. दोन हजार माणसांचा संसार सांभाळून, ऐकू येणे आणखी कमी होत असताना, सतरा वर्षे. १९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. दहा महिन्यांची असल्यापासून सोबत असलेली, मुक्तीचा भार पुढे उचलेल अशी आशा असलेली एकुलती एक लेक. त्यानंतरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटचे मुद्रित तपासून झाले आणि त्यांनी डोळे मिटले, असे सांगतात. ती तारीख ५ एप्रिल १९२२.

संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. छापखाना तिथल्या बायकामुलीच चालवीत. दुष्काळात उचलून आणलेल्या, केडगावला येऊन मुळाक्षरे शिकलेल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले, फर्मे छापले, पाने शिवली. योहानाचा चौथा अध्यायही त्यांच्याच हातांनी छापला गेला.